आधी मीठ घ्या, मग बोला

बाटली धुवून मी बाहेर आली आणि बघते तर खुर्ची रिकामी. बाबा नाहीत, पोरगी नाही. फक्त माझी पिशवी, तिच्यावर पोरीचं टोपडं. एवढा मोठा हॉल, एसी असा की अंगावर काटा, चारी बाजूला कोट घातलेली माणसं, आणि माझी नऊ महिन्यांची चिऊ कुठेच नाही. बाजूच्या मॅडमना विचारलं, इथे एक म्हातारे बसलेले ना, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मांडीवर बाळ होतं? त्या बोलल्या, श्श, साहेब बोलतायत. मी खुर्चीखाली वाकून बघितलं. खुर्चीखाली कोण बाळ ठेवतं, पण मी बघितलं. मग दरवाज्याकडे धावली, मग परत आली. तेवढ्यात सगळी माणसं हसली, टाळ्या वाजल्या, आणि मी वर बघितलं तर स्टेजच्या मागच्या भिंतीएवढ्या पडद्यावर माझी पोरगी. एवढी मोठी. नाकातला शेंबूड पण दिसत होता. साहेबांच्या मांडीवर बसलेली, आणि बाजूला बाबा उभे, रुमालाची गाठ सोडत.

एक तर पोरीची भीती. आणि दुसरी ही, की आता हा साहेब खरं बोलला तर आपली खोली गेली.

हे असं सांगितलं तर कोणाला काय कळणार. थांबा, नीट सांगते. मी आठवीपर्यंत शिकलेली, मला ओळीने सांगता येत नाही, जसं आठवतं तसं सांगते.

बाबा म्हणजे आमच्या चाळीचे मालक. डोंबिवली पश्चिमेला पार खाडीच्या कडेला अकरा खोल्यांची बैठी चाळ आहे, ती त्यांची. इथलेच मूळचे. तरुणपणी मिठागरात कामाला होते. मग मिठागरं बंद पडली, जमिनीला भाव आला, त्यांचे सगळे भाऊबंद बंगले बांधून बसले, गळ्यात चेन, दारात गाडी. ह्यांनी चाळ बांधली आणि त्यातल्याच पहिल्या खोलीत राहिले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. मी लग्न होऊन आली, टेम्पोतून सामान उतरवत होती, आणि सासरकडच्यांनी शिकवलेलं म्हणून बोलली, "शेठ, पाण्याची टाकी कुठे?"

तर बोलतात, "शेठ कोनाला बोलतेस? शेठ ती बघ." आणि खाडीकडे हात केला. "मी पन भाडेकरूच. तुज्यासारका."

मला वाटलं म्हातारा फिरलेला आहे. सगळ्यांनाच वाटायचं.

ती पँट. बाराही महिने गुडघ्यापर्यंत दुमडलेली. लग्नाला, मयताला, बँकेत, कुठेही. पुतण्याच्या साखरपुड्याला तशीच घालून गेले तर पुतण्या बोलला, काका, निदान आज तरी खाली सोड, पाहुणे बघतायत. बाबा बोलले, "पानी काय पाव्हने बघून येतं का?" आणि तसेच जेवायला बसले.

चाळीच्या मागे चिखलात त्यांचा एक बांबू रोवलेला. जुन्या मिठागराची उघाडी होती तिथे, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायची फळी, तिच्या खांबाला बांधलेला. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती आली की बाबा कोयता घेऊन जायचे, पाणी सगळ्यात वर टेकलं की तिथे खूण मारायचे. नुसत्या खुणाच खुणा. मला एकदा घेऊन गेलेले दाखवायला, चिऊ पोटात होती तेव्हा.

"ह्यो बघ, माज्या लग्नाचा. ह्यो म्हातारी गेली तवाचा. आनि ह्यो गेल्या पुनवेचा. कुटं व्हता आनि कुटं आला."

मी बोलली, "बाबा, बांबू चिखलात खाली बसत असेल." सगळे तेच बोलायचे. पुतण्या पण.

बाबांनी खुणेवरून अंगठा फिरवला. "मना पन तसाच वाटावा असा वाटतं," बोलले. "पन तुज्या मोरीत काय येतं मंग?"

ते खरं होतं. उधाण आलं की पाणी दारातून नाही येत, मोरीतून येतं. आपण भांडी घासत बसलेलो असतो आणि भोकातून बुडबुडे येतात, मग काळं पाणी वर. मी भोकात फडका कोंबून वर पाटा ठेवायची. आधी वर्षातून एकदा-दोनदा व्हायचं, चिऊ झाली त्या वर्षी पाटा तिथेच राहिला, उचललाच नाही.

बाबांना एका कानाने ऐकू यायचं नाही, दुसऱ्याने अर्धं. त्या अर्ध्या कानाला दिवसभर रेडिओ. बातम्या. कुठे बर्फ वितळला, कुठे वणवा लागला, कुठल्या देशात सगळे पुढारी जमले आणि काय ठरलं नाही. आमच्या चाळीत कोणाला आपला नगरसेवक कोण ते पण माहीत नसायचं आणि हा माणूस लांबलांबच्या बेटांची काळजी करायचा. एकदा रेडिओवर ऐकलं की कुठल्यातरी बेटावरची माणसं पाण्यामुळे गाव सोडून निघाली. ह्यांनी दहा दिवस सुतक पाळलं! खरंच. दाढी केली नाही, देवाला दिवा लावला नाही, दहाव्या दिवशी खाडीवर जाऊन कावळ्याला भात ठेवला. सगळी चाळ हसली. आमचे हे बोलले, "बाबा, कोण लागत होते तुमचे?"

"शेजारी," बाबा बोलले. "पानी एकच ना. तिकडं बरफ इतलला का माज्या मोरीतून वर येतं. जगाचा प्रश्न, जगाचा प्रश्न बोलतात, ह्यो बघ, तुज्या बायकोच्या पाट्याखाली हाय."

आणि मग ते नेत्यांच्या मागे लागलेले. त्यांचं म्हणणं असं, की हे नेते मोठमोठ्या सभांना जातात, परदेशात जातात, त्यांना सगळ्या जगाचे हुशार लोक पुढे काय होणार ते सांगतात. "त्याना म्हायती हाय. मना कोन सांगनार? तर मी त्यानाच इचारतू." कोणी नेता जवळपास आला की हे निघाले. प्रश्न एकच. आणि प्रश्नाच्या आधी मीठ.

मिठाचं असं, की त्यांच्याकडे एक चिनी मातीची बरणी होती, त्यांनी स्वतः पिकवलेल्या शेवटच्या पिकाचं मीठ. जाड खडे, थोडे करडे. ते जेवणात वापरायचे नाहीत, दुकानातलंच वापरायचे. त्या बरणीतलं फक्त खरं बोलायच्या वेळेला. मिठागरात म्हणे तसंच असायचं. दोन माणसांचं भांडण झालं, कोणी चोरून पाणी वळवलं, तर बंधाऱ्यावर उभं करायचं, जिभेवर खडा ठेवायचा आणि विचारायचं. मीठ जिभेवर असताना खोटं बोलला तर त्याच्या खाचरात मीठ धरत नाही. कोणी बोलायचंच नाही खोटं. बाबा रुमालाच्या गाठीत दोन-तीन खडे बांधून न्यायचे आणि नेत्यापुढे हात करायचे, "आधी मीठ घ्या, मंग बोला."

मी त्यांचा कान होती. ऐकू येत नाही ना, म्हणून मला न्यायचे. "तू माजा कान. काय बोल्ला तसाच मना सांगायचा. आपल्या पदरचा काय घालायचा नाय." मग घरी आलं की जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी ते उत्तर लिहायची, माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात. एक बोलला, बघू. दुसरा बोलला, वर कळवलंय. तिसरा बोलला, चालू आहे. मी एकदा हसत विचारलं, बाबा मला नाही देत कधी मीठ? तर बोलले, "कानाला मीठ कशाला? तोंडाला लागतं."

काय काय गमती व्हायच्या. एक जण इलेक्शनला दारात आले, मागे ढोल, बायका ओवाळतायत, आणि बाबांनी हात पुढे केला तर ते दोन पावलं मागे. "बाबा, मला बीपी आहे, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय."

बाबा मला विचारतात, काय बोल्ला? मी कानात ओरडली, "बीपी आहे! मीठ बंद!"

"मंग बोलनं पन बंद ठेवा," बाबा बोलले आणि दार लावलं. ढोलवाला हसायला लागला, वाजवायचाच थांबला.

ठाण्याच्या टेंभी नाक्याला नवरात्रात एक मोठे नेते देवीला येणार कळलं, तर बाबा तिथे सकाळपासून उभे. मी सातव्या महिन्यात, पाय सुजलेले, पण गेली. नेते आले, बाबांनी खडा पुढे केला, त्यांनी प्रसाद समजून कपाळाला लावला, खिशात टाकला आणि बाबांच्या हातावर पेढा ठेवून पुढे गेले पण. बाबा तो पेढा घेऊन उभे. मला दिला. "खा, पोरीला व्हईल." मुलगी होणार ते त्यांनीच आधी सांगितलेलं.

मग चिऊ झाली आणि त्यांचा प्रश्न बदलला. आधी विचारायचे, पानी कवर येनार. आता चिऊकडे बोट करून विचारायचे, "ही पोर तुमच्या वयाची व्हईल तवा पानी कवर असल? हिला कुटं ठेवायची?"

मला भीती वाटायची. पोरीचं नाव घेऊन असं कोणी विचारतं का? मी तिला रोज काजळाची तीट लावायची.

आणि मला दुसरीच भीती होती, ती सांगते. बाबांनी शब्द दिलेला. सगळ्या चाळीसमोर, सत्यनारायणाला, प्रसाद वाटताना. "ज्या दिवशी एक तरी नेता मिठावर मना सांगल का व्हय, बांबू खरा हाय, त्या दिवशी मी ही चाल खाली करीन. एक मानूस इथं ठेवनार नाय. मीच कौलं काढीन. कोनाचा पोर बुडला तर मी काय त्वांड दाखवू?"

लोक हसले. नेता आणि खरं बोलणार, म्हणजे आपली खोली पक्की, असं बोलले. मी पण हसली. पण मला माहीत होतं, म्हातारा बोलला तर करणारा.

आणि तेव्हा आमचं काय चाललेलं. आमच्या ह्यांच्या कंपनीत, एमआयडीसीमध्ये, पॅकिंगला मशीन आलं. एक लोखंडी हात, तो उचलतो, ठेवतो, उचलतो, ठेवतो. हे घरी येऊन आधी कौतुकाने सांगायचे, कसा फिरतो, कसा थांबत नाही. पंधरा दिवसांनी ह्यांना बोलले, उद्यापासून येऊ नका. हे बाबांकडे जाऊन बसले. बाबा बोलले, "त्यो पन जगाचाच प्रश्न. तुज्या मोरीतून आयला." भाडं मागितलं नाही, मागणारच नव्हते. दुसरीकडे आम्हाला कोण खोली देणार, पागडी कुठून, डिपॉझिट कुठून. चिऊ दीड महिन्याची होती.

तर असं. नेता खरं बोलला तर घर जाणार, नाही बोलला तर पोरगी मोरीच्या बाजूला झोपणार. आणि मधे कान मी.

त्या कार्यक्रमाचं मीच त्यांना वाचून दाखवलं, माझीच चूक. मोबाइलवर आलेलं, ठाण्याला एका मोठ्या हॉलमध्ये नेत्यांशी संवाद, उद्याचं जग, तापमान, समुद्र, मशीन, पाणी, असं काय काय, सामान्य नागरिकांचे प्रश्न घेणार, फॉर्म भरा. बाबा बोलले, भर. मी भरला. मला वाटलं कोण बोलावतंय. तर बोलावलं!

कल्याणवरून बसने गेलो, बाबा ट्रेनने जायचे नाहीत, गर्दीत अर्धा कान पण बंद होतो बोलायचे. माजिवड्याला उतरलो, मग रिक्षा. रिक्षात ते चिऊला बोटाने मिशी ओढू देत होते आणि मला समजावत होते, "ह्या टायमाला सुटनार नाय. मी बघून ठेवलाय."

काय बघून ठेवलेलं? आमच्याकडे एकदा नळाचं उद्घाटन होतं, नेत्याच्या हातात कोणीतरी फोटोला बाळ दिलं, आणि तो नेता, जो कुठे दोन मिनिटं थांबत नाही, तो फोटोवाल्याचं होईपर्यंत हललाच नाही. बाबांनी ते मनात धरलेलं. "हातात पोर असली का नेता पलत नाय." मला वाटलं गंमत करतायत. आणि मी बाटली धुवायला उठली, तेवढ्यात प्रश्नाला त्यांचा नंबर लागला आणि पोरगी सरळ साहेबांच्या मांडीवर.

तर मी धावली. स्टेजच्या पायरीवर काळ्या कपड्यातला माणूस, बोलतो, कुठे? मी बोलली, माझी आहे, माझी आहे, ती वरची माझी आहे. मॅडम, पास आहे का, बोलतो. मी त्याच्या हाताखालून गेली. चप्पल पायरीवर राहिली.

वर लाइट एवढा की समोरचं काही दिसेना. बाबा माइक धरलेल्या मुलीला बोलत होते, "थांब गं बाय, एकच प्रश्न," आणि साहेब हसत होते, हे साहेब खूप मोठे, परदेशातल्या सभांना जाऊन आलेले, टीव्हीवर असतात. बाबांनी खडा दिला. साहेब फोटोवाल्यांकडे बघून बोलले, "अरे वा, खडेमीठ, आमच्या आजीकडे असायचं," आणि टाकला तोंडात. पहिला नेता! एवढ्या वर्षांत पहिला! बाबांचं तोंड असं झालं, लग्नात नवऱ्याचं होतं तसं. चिऊने पण रुमालातला एक खडा उचलला, चोखला, आणि भोकाड पसरलं. हॉल हसला.

बाबांनी विचारलं. तोच प्रश्न. ही पोर तुमच्या वयाची व्हईल तवा पानी कवर असल, हिला कुटं ठेवायची.

साहेबांनी चिऊकडे बघितलं. ती रडून लाल झालेली, हात माझ्याकडे. मी गेली, हात पुढे केले, ते उठले, मला पोरगी द्यायला वाकले आणि कोटाला लावलेला तो छोटा माइक मुठीत धरला. त्यांचं तोंड माझ्या कानाजवळ. तोंडात मीठ होतं अजून, कडकन आवाज आला.

"कुठे राहता?"

"खाडीला. डोंबिवलीला."

"पाणी येतं?"

"मोरीतून येतं."

त्यांनी डोळे मिटले थोडे. मग बोलले, एकदम हळू, जसं आपल्या बहिणीला बोलतात, "ताई, ती जागा सोडा. मी सगळीकडे ऐकून आलोय. हे थांबणारं नाही आणि आमच्याकडे ह्यावर काही नाही. माझी मुलगी असती तर मी एक दिवस तिथे ठेवली नसती."

मग मूठ सोडली, सरळ झाले, आणि मोठ्याने बोलले, "बाबा, काळजी करू नका, प्रशासन सज्ज आहे, एकही नागरिक वाऱ्यावर सोडणार नाही." टाळ्या. माइकवाल्या मुलीने आम्हाला खाली उतरवलं. माझी चप्पल कोणीतरी बाजूला सरकवलेली.

रिक्षा करून परत निघालो. माजिवड्याला बसची वाट बघत उभे होतो, वरून पूल, गाड्यांचा असा आवाज की मला पण धड ऐकू येईना. चिऊ खांद्यावर झोपलेली. बाबांनी रुमाल काढला. शेवटचा खडा होता. माझा हात धरला, तळव्यावर ठेवला.

"घे."

"मला कशाला बाबा? मी कान ना?"

"घे आधी."

मी जिभेवर ठेवला.

"मी बगितला," बोलले. "मूठ धरून तुज्या कानात बोल्ला त्यो. मोठ्यानं बोल्ला ते मना ठाऊक हाय, तसा सगलेच बोलतात. कानात काय बोल्ला?"

त्यांचे डोळे बघितले मी. एवढी वर्षं त्या माणसाने वाट बघितलेली. मी खरं सांगितलं असतं तर घरी पोचल्या पोचल्या त्यांनी शिडी लावली असती. मला दिसत होतं, कौलं खाली येतायत, आमचं कपाट बाहेर, हे कपाटाला टेकून बसलेत, आणि मी चिऊला घेऊन कोणाच्या दारात उभी. माहेरी भाऊ-वहिनी एका खोलीत. पुढच्या महिन्याचं पण काही नव्हतं, आणि बाबा विचारतायत पन्नास वर्षांनंतरचं. तोंडात मीठ विरघळत होतं, मी गिळलं, आणि बोलली,

"बोलले, बांध घालणार आहेत. मोठा. ठरलंय, फक्त जाहीर नाही केलं. बोलले, पोरीला निवांत ठेवा तिथेच."

"मिठावर बोल्ला?"

"हो बाबा. मीठ तोंडातच होतं."

बस आली. त्यांना खिडकीजवळ जागा दिली. थोड्या वेळाने बघते तर ते खाली वाकले आणि पँटीच्या घड्या सोडतायत. आधी डावी, मग उजवी. आतलं कापड एकदम नवं होतं, गडद, बाहेरचं विटलेलं. हाताने सारखं केलं. मग मान मागे टाकून झोपले, कल्याणपर्यंत घोरत होते. मला तेव्हा रडू आलं पण बसमध्ये कुठे रडणार.

त्यानंतर बाबा एकाही नेत्याकडे गेले नाहीत. कोणी विचारलं की सांगायचे, "झाला काम. एकानं सांगितला खरा." रेडिओवर बातम्यांऐवजी गाणी लावायचे. चाळीला रंग काढला, आमच्या मोरीला नवीन लादी बसवून दिली. आणि बांबूकडे जायचं बंद केलं. पौर्णिमा आली, गेली, कोयता खुंटीवर. लोक बोलले, म्हातारा सुधारला. मी एकटीच त्यांच्या पायाकडे बघायची, पँट टाचेपर्यंत, चालताना पायात यायची, सवय नव्हती ना.

चिऊ मात्र त्यांच्याकडेच असायची. चालायला शिकली ती त्यांच्या ओट्यावर. दोघं खेळायचे, ती बिस्कीट चोरायची, ते बरणीतला छोटा कण तिच्या जिभेवर ठेवायचे आणि विचारायचे, "कोनी खाल्ला?" ती मान खाली घालून बोलायची, "मी." मग दोघं हसायचे. मी दारात उभी असली की आत निघून जायची.

सांगायचं ठरवलेलं मी. आमच्या ह्यांना डिलिव्हरीचं काम लागलं, जरा बरं झालं, तेव्हा ठरवलं, गणपतीनंतर सांगू. मग दिवाळीनंतर. मग थंडीत बाबा एका दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. पुतण्याने सगळं नीट केलं. मयताला त्यांच्या पायावरची चादर सरकलेली, पँट खालपर्यंत, नीट. मी तिथे फार रडली, बायका बोलल्या, सुनेसारखी रडते. बरणी चिऊला ठेवलेली त्यांनी, पुतण्याने आणून दिली, तळाला चार बोटं मीठ उरलेलं.

आता चिऊ चार वर्षांची होईल. चाळ पुतण्याची. अकरा खोल्या भरलेल्या, चौथ्या खोलीत नवीन बाळंतीण आलीय. मी ह्यांना पण सांगितलं नाही. पण उधाण आलं की मी भाजीची सुरी घेऊन मागे जाते आणि बांबूला खूण मारते. मला काही सरळ मारता येत नाही. बाबांची शेवटची खूण आणि माझी पहिली, मधे रिकामा बांबू आहे, तो त्यांनी माझ्या बोलण्यावर सोडून दिलेला. गेल्या अमावास्येला चिऊ माझ्या मागे आली, बांबूला पाठ लावून उभी राहिली, मला बोलली, आई बघ मी किती उंच. माझी खूण तिच्या गळ्याशी.

आज दुपारी भांडी घासत होती तर नवीन लादीच्या कडेने बुडबुडे आले. चिऊ बघत बसलेली. मग उठून गेली, मला वाटलं खेळायला गेली. तर स्टुलावर चढून बरणी काढली तिने, मूठ भरून आली, माझा ओला हात धरला आणि तळव्यावर खडा ठेवला. बाबांसारखाच.

"आई, आधी मीठ घे. पाणी आपल्या घरात येणार?"

मी बोलली, थांब, हात धुते. बाहेर ओट्यावर येऊन बसली. खडा अजून मुठीत आहे, अर्धा विरघळला. चौथ्या खोलीतलं बाळ रडतंय. आत चिऊ हाका मारतेय, आई, सांग ना. आज तिला खरं सांगितलं तर उद्या सगळ्यांना सांगावं लागेल, आणि मग माजिवड्याचं पण सांगावं लागेल.

तुम्ही त्या बसस्टॉपवर असता, खांद्यावर नऊ महिन्यांची पोर, घरी नवरा बसलेला, जिभेवर मीठ, आणि म्हातारा तोंडाकडे बघतोय, तर तुम्ही काय केलं असतं? आणि ते जाऊ दे. आता ही आत बसलीय माझी वाट बघत. हिला काय सांगितलं असतं तुम्ही?